असेटो कोर्सा: टायरवर उभा राहिलेला रेसिंग गेम

तापीकाठ

मंडळी,

जळगाव-भुसावळकडची माझ्या ओळखीतली जी पोरं कॉम्प्युटरला स्टीअरिंग जोडून गाडी चालवतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात 'असेटो कोर्सा'ने झाली आहे. खेळ २०१४ सालचा. त्यानंतर कितीतरी देखणे आणि महागडे खेळ आले, तरी साधा कॉम्प्युटर असलेला माणूस फिरून फिरून इथेच येतो. यावर नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हा खेळ टिकला तो टायरमुळे. बाकी जे कमी होतं ते नंतर लोकांनी भरून काढलं.

बनवणारी कंपनी इटलीची, कुनोस सिम्युलात्झिओनी. स्टेफानो कासिल्लो आणि मार्को मासारुत्तो या दोघांनी २००५ मध्ये सुरू केली. त्यांचं ऑफिस रोमजवळच्या वाल्लेलुंगा रेस ट्रॅकच्या आवारातच. म्हणजे खिडकीबाहेर खऱ्या गाड्या धावतायत आणि आत त्यांचंच गणित मांडणं चाललंय. २००६ मध्ये त्यांनी 'नेटकार प्रो' काढला. अतिशय कठोर खेळ, नवख्याला अजिबात दयामाया नाही, त्यामुळे खेळणारे थोडेच. पण गाडीचं वागणं इतकं पटणारं होतं की २०१० मध्ये फेरारीच्या नावाने 'फेरारी व्हर्च्युअल ॲकॅडमी' निघाली ती यांच्याच हातून. त्यात फेरारीची त्या वर्षीची फॉर्म्युला वन गाडी फिओरानोच्या ट्रॅकवर चालवता यायची. असेटो कोर्सा त्यापुढचा. ८ नोव्हेंबर २०१३ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला, आला आणि १९ डिसेंबर २०१४ ला पूर्ण झाला.

आता टायर. इथे जरा थांबतो, कारण सगळा जीव त्यातच आहे.

वळणावर टायर जिकडे तोंड करून असतो, नेमका तिकडे जात नाही. रबर पिळवटतं, आणि तोंडाची दिशा व प्रवासाची दिशा यांत थोडा कोन पडतो. यालाच स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग घसरते. आपण खेळात जे काही करतो ते या टोकाच्या अलीकडे-पलीकडे. त्यात दुसरी भानगड अशी, की टायरवर दुप्पट वजन आलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून वळणात वजन बाहेरच्या चाकांवर गेलं की दोन्ही चाकांची मिळून पकड घटते. गाडीचा सगळा सेटअप, स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा), टायरमधली हवा, हे याच घटीचा हिशोब पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून घेण्यासाठी असतं. कुनोसने हा हिशोब मनापासून मांडला. रबर गार असेल तर पकड नाही, फार तापलं तरी नाही. चाक जाम करून ब्रेक मारला तर टायर एका जागी घासून सपाट होतो आणि तो थरथराट पुढे प्रत्येक फेरीत हाताला लागतो. हे सगळं सेकंदाला ३३३ वेळा नव्याने मोजलं जातं.

आणि ते स्टीअरिंगमधून हातात येतं. पुढच्या टायरची पकड संपायच्या थोडं आधीच स्टीअरिंग हलकं पडायला लागतं. खऱ्या गाडीत हे टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागामुळे होतं: पकडीचा जोर चाकाच्या मध्याच्या थोडा मागे लागतो, स्लिप वाढला की तो पुढे सरकतो, आणि चाक सरळ करू पाहणारी ओढ कमी होते. असेटो कोर्सात ही ओढ टायरच्या गणितातूनच येते. म्हणून डोळ्यांच्या आधी हाताला कळतं की गाडी आता बाहेर जाणार. ज्याला हे एकदा उमगलं त्याला दुसऱ्या खेळात करमत नाही.

ट्रॅकही तसेच. इमोला, मुजेल्लो, मोंझा, स्पा हे लेझर स्कॅन करून घेतलेले. २०१५ मध्ये न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफं आला तोही लेझर स्कॅनच. कडेचा कर्ब किती उंच, रस्ता कुठे दबलाय, सगळं चाकाला कळतं.

गाडी सांभाळायला खेळ जी मदत देतो, तिच्या बाबतीत त्यांनी घेतलेला एक निर्णय मला फार आवडतो. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस देताना चाक जागीच फिरू न देणारं) यांना 'फॅक्टरी' असा पर्याय आहे. जी मदत खऱ्या गाडीत आहे तेवढीच मिळणार. लोटस ४९ घेतली तर काहीच नाही, कारण १९६७ च्या त्या गाडीत काही नव्हतंच.

स्वागत कसं झालं? गाडी चालवण्याचं तोंडभरून कौतुक झालं. बाकी गोष्टींवर टीका झाली, आणि ती रास्त होती. करिअर, म्हणजे एकट्याने रेस जिंकत पुढे जायचा भाग, कोरडं, कॉम्प्युटर चालवतो त्या गाड्या कधी भित्र्या तर कधी अंगावर येणाऱ्या, पाऊस नाही, रात्र नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला तेव्हा नाराजी जास्त होती, कारण ऑनलाइन फक्त मित्रांनी मिळून खेळायची खासगी लॉबीसुद्धा नव्हती. त्याच वर्षाअखेरीस पोर्शच्या गाड्या आल्या. पोर्शचा परवाना वर्षानुवर्षं एकट्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे अडकलेला होता, तो सुटल्यावर लगेच आणणाऱ्यांत हा छोटा इटालियन स्टुडिओ होता. जानेवारी २०१७ मध्ये डिजिटल ब्रॉस या इटलीच्याच गेम कंपनीने सुमारे ४३ लाख युरोंना कुनोस विकत घेतली.

पण गाड्या आणि ट्रॅकचे फोल्डर त्यांनी उघडे ठेवले. कुणीही आपली गाडी बनवून टाकावी. एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने कस्टम शेडर्स पॅच नावाची वरून बसवायची भर काढली, त्यातून रात्र आली, पाऊस आला. दुसरा मेनू आला. जगभरातल्या लोकांनी हजारो गाड्या केल्या. दिसणं, पाऊस, मेनू हे बाहेरचा माणूस घालू शकला. टायरचा आणि स्टीअरिंगचा पाया आधीपासून खरा होता, म्हणून त्यावर हे सगळं टिकलं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

चौथा_गिअर

तापीकाठभाऊ, लेख छान, पण करिअरचं एका ओळीत उरकलंत. मी प्लेस्टेशनवर खेळायचो. हातात कंट्रोलर, स्टीअरिंग नाही. सुरुवातीला छोटी अबार्थ ५००, समोर तशाच गाड्या, जिंकलो तरी पुढे जाण्याचं काही सुख नाही. प्लेस्टेशनवरचा रेसिंग गेम ग्रान तुरिस्मो १९९७ पासून हेच तर शिकवत आला: साधी गाडी घ्या, बक्षीस मिळवा, एक-एक पार्ट बसवा, गाडी आपली वाटायला लागते. ते प्रेम असेटो कोर्सात नाही. टायर कितीही खरा असो, ज्याच्याकडे स्टीअरिंग नाही त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. आणि आपल्याकडे स्टीअरिंग असणारे किती?

तापीकाठ

चौथा_गिअर, कंट्रोलरवर अर्धा खेळ हरवतो हे मान्यच. करिअरचंही मान्य. पण ग्रान तुरिस्मो करणारी कंपनी सोनीची. तिच्याकडे माणसं किती, वेळ किती. कुनोसचा संघ लहान होता आणि एकाच गोष्टीला सगळा वेळ देणं त्यांनी निवडलं. मला ती निवड बरोबर वाटते. तुम्हाला चुकीची वाटली तर त्यातही तथ्य आहे.

टायरवाले_भुसावळ

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याने हा धागा दाखवला. आमचं दुकान हायवेलगत, सावदा-रावेरच्या केळीच्या ट्रकांपासून स्कूटीपर्यंत सगळं येतं. हवा आणि टायर तापण्याचं जे लिहिलंय त्यात आपल्या भागाचं सांगतो.

डिसेंबरात पहाटे १० अंश असताना गाडीच्या टायरात ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं आणि तीच गाडी मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत उभी केली, तर काहीही न करता काटा ३८-३९ दाखवतो. हवा तीच, तापली म्हणून दाब वाढला. त्यात गाडी चालली की आणखी वाढतो. म्हणून हवा नेहमी गार टायरमध्ये, सकाळी मोजायची. लांबून आलेल्या गाडीचा काटा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. सोडली तर गार झाल्यावर टायर कमी हवेत राहतो. मग त्याच्या बाजू जास्त वाकतात, वाकल्या की आतून तापतात, आणि भर रस्त्यात फुटतो. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या फुटलेल्या टायरांत जास्त हवेचे कमी, कमी हवेचे आणि जादा मालाचे जास्त.

पोरगा सांगतो की गेममध्येही गार टायरला कमी हवा भरून ठेवतात, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांनी ती बरोबर आकड्यावर येते. हे मला पटलं. ज्यांनी केलं त्यांनी टायर जवळून बघितलाय.

तापीकाठ

काका, हे फार मोलाचं लिहिलंत. तुमचा मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. याच कंपनीच्या पुढच्या खेळात, 'असेटो कोर्सा कॉम्पेतित्झिओने'मध्ये, जीटी३ (रेसिंगसाठी बदललेल्या स्पोर्ट्स कार) गाड्यांच्या कोरड्या रस्त्यावरच्या टायरला गरम झाल्यावर २६-२७ पीएसआय लागतो. हवामान बदललं की गार आकडा पुन्हा जुळवावा लागतो. दुपारची रेस आणि रात्रीची रेस यांना एकच आकडा चालत नाही.

शिरपूरची_मेकॅनिकल

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या कॉलेजचा बाहा एसएई या विद्यार्थ्यांच्या गाडी-स्पर्धेचा संघ आहे. डोंगर-दगडांत चालणारी एकट्याची गाडी आम्ही स्वतः वेल्डिंग करून बनवतो. स्पर्धा पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रात कित्येक वर्षं होत आली आहे. आम्हाला बरं पडतं, आग्रा रोडने सेंधव्याचा घाट चढला की पुढे सरळ रस्ता. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तो लांबून बघितला तरी छाती भरून येते.

गेमबद्दल दोन गोष्टी. पहिली चांगली. सस्पेन्शन शिकताना पुस्तकात "लोड ट्रान्सफर" वाचलं तेव्हा आकृतीपलीकडे काही कळलं नव्हतं. असेटो कोर्सात मी एक गाडी घेतली, पुढचा अँटी-रोल बार एकदम कडक केला आणि एका वळणात गेले. गाडी वळेचना, सरळ बाहेर. मग पुढचा मऊ करून मागचा कडक केला, तर मागची बाजू फिरून पुढे आली. आमच्या संघातल्या ज्युनिअर मुलींना मी आता हे असंच शिकवते. एका संध्याकाळी सगळ्यांच्या डोक्यात बसतं.

दुसरी गोष्ट मात्र तुमच्या विरोधात. बाहेरच्यांनी बनवलेल्या गाड्यांत टायरचे आकडे त्यांनी स्वतः टाकलेले असतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याच गाडीचा टायर जशाचा तसा चिकटवलेला असतो, आणि काहींचं तर मॉडेलच दुसऱ्या खेळातून उचललेलं. फाइल उघडून बघितली की लगेच कळतं. मग "पाया खरा आहे" म्हणून काय उपयोग? शिकायचं असेल तर कुनोसच्या स्वतःच्या गाड्याच घ्याव्यात. आणि अंगाला काही जाणवत नाही हे विसरू नका. खऱ्या गाडीत मागचं चाक सुटलं की आधी कंबरेला कळतं. खुर्चीवर बसून ते येत नाही, सगळा भार हात आणि डोळ्यांवर.

तापीकाठ

ताई, उचललेल्या गाड्यांचं शंभर टक्के खरं. नव्या माणसाने पहिले काही महिने कुनोसच्या गाड्यांच्या बाहेर जाऊच नये. माझा सल्ला: टाटुस एफए०१ ही छोटी फॉर्म्युला गाडी आणि जुनी बीएमडब्ल्यू एम३ ई३०. दोन्ही मूळ खेळात आहेत, वेगळे पैसे नाहीत.

कंबरेबद्दलही बरोबर. फिनलंडचा ग्रेगर हुट्टू हा तेव्हा आभासी रेसिंगमधला जगातला अव्वल. २०१० मध्ये त्याला अमेरिकेत रोड अटलांटा ट्रॅकवर खऱ्या रेस कारमध्ये बसवलं होतं. ब्रेक कुठे मारायचा, रेषा कुठली घ्यायची, हे त्याला पहिल्यापासून येत होतं. शरीर मात्र सरावलेलं नव्हतं, गरगरून त्याला उलटी झाली. दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

जुना_खेळाडू

वयाने तुमच्या सगळ्यांच्या पुढचा आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो. टायरपासून सुरुवात करण्याचा मान १९९८ च्या 'ग्रां प्री लेजंड्स'ला द्यायला हवा. अमेरिकेच्या पापिरस कंपनीने केला, सिएराने विकला. विषय १९६७ चा फॉर्म्युला वन हंगाम. गाड्यांना पंख नाहीत, टायर अरुंद, इंजिनात मात्र ताकद भरपूर. होंडाचा परवाना मिळाला नाही म्हणून तिचं नाव बदलून घातलं होतं. बाजारात आला तेव्हा लोकांना पहिली फेरीसुद्धा पूर्ण करता येत नव्हती. गाडी सतत घसरत ठेवून चालवायची असते हे कुणाला माहीतच नव्हतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री मात्र बेताचीच झाली. पण त्या खेळाभोवती जमलेल्या लोकांनी पुढे वर्षानुवर्षं नवे ट्रॅक, नव्या गाड्या बनवल्या. तुम्ही असेटो कोर्साबद्दल जे सांगता तेच तिथे आधी घडलेलं आहे.

त्याचा मुख्य कर्ता डेव्हिड केमर. त्यानेच २००४ मध्ये जॉन हेन्रीबरोबर आयरेसिंग हा ऑनलाइन रेसिंगचा खेळ स्थापन केला, तो २००८ मध्ये सुरू झाला आणि आज आभासी रेसिंगमधलं सर्वांत मोठं नाव आहे.

असेटो कोर्सात लोटस ४९ आहे आणि मोंझाचा १९६६ चा शिकेन (वेग कमी करायला घातलेली आडवी-तिडवी वळणं) नसलेला जुना ट्रॅकही आहे. ते दोन्ही एकत्र घेऊन बघा. कुनोसच्या लोकांनी ग्रां प्री लेजंड्स मनापासून खेळलेला असणार, असं मला ती गाडी चालवताना प्रत्येक वेळी वाटतं.

अमळनेरी

भो, हाई समदं वाचीसन मन्हा पोऱ्या मांगे लागना. माले एकच सांग, कितला पैसा लागतीन? घरमा जुना कॉम्प्युटर शे. मे महिनामा लाइट बी जास.

तापीकाठ

अमळनेरी भो, जुना कॉम्प्युटर चालेल. जीटीएक्स १०५० टीआयसारखं जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर मूळ खेळ आरामात चालतो, फक्त पावसाचे-रात्रीचे पॅच नंतर बघा. खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये काही शे रुपयांत मिळतो. खर्च आहे तो स्टीअरिंगचा. नवं लॉजिटेक जी२९ पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं. त्याऐवजी वापरलेलं जी२७ शोधा. घेण्यापूर्वी चाक पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघा, मध्ये खडखड झाली तर गिअर झिजलेत. ब्रेकचं पेडल हळूहळू दाबत आकडा सलग वाढतो का तेही बघा.

टेबल हलता कामा नये. माझं तर म्हणणं, पैसे उरले तर स्टीअरिंग महाग घेण्याआधी पेडल बसवायला लोखंडी फ्रेम करून घ्या. एमआयडीसीत कुठलाही वेल्डर करून देईल. वेळ कमी होतो तो ब्रेकमुळे, स्टीअरिंगमुळे नाही.

उन्हाळ्यात दुपारी खेळू देऊ नका. खोलीतच चाळीस अंश असले की ग्राफिक्स कार्ड स्वतःचा वेग कमी करतं, चित्र अडखळतं आणि अडखळलेल्या चित्रात ब्रेकचा अंदाज चुकतो. सकाळी किंवा रात्री उशिरा. लाइटीसाठी यूपीएस हवाच, नाहीतर कॉम्प्युटर खराब व्हायचा.

चाळीसगावकर

एक विचारतो. आपल्या कन्नड घाटाचा ट्रॅक करता येईल का? जपानच्या डोंगरातले रस्ते लोकांनी केलेत, आपला घाट का नाही? खऱ्या घाटात कुणी वेडेपणा करू नये म्हणून तरी.

शिरपूरची_मेकॅनिकल

दादा, करता येईल, पण अपेक्षा बेताची ठेवा. उपग्रहावरून फुकट मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांची असते. त्यातून डोंगराचा आकार येतो, रस्ता येत नाही. घाटातलं एक वळणच ३० मीटरमध्ये संपतं. मोबाइलचा जीपीएस उंचीला काही मीटर इकडेतिकडे असतो. म्हणून रस्त्याची रेषा उपग्रहाच्या फोटोवरून काढायची, चढ हाताने नीट करायचा, ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये रस्ता, कठडे, गटारं बनवायची. वळणाचा बाहेरचा उतार आणि डांबराचे उंचवटे मात्र अंदाजानेच घालावे लागतील. लेझर स्कॅनमध्ये आणि यात फरक तो हाच. दिसायला आपला घाट दिसेल, हाताला आपला लागेलच असं नाही.

मला स्वतःला तोरणमाळचा घाट करायचाय. माणसं मिळाली तर कन्नडपासून सुरू करू. दिवसा, नीट बाजूला थांबून, प्रत्येक वळणाचे फोटो लागतील.

चाळीसगावकर

फोटो मी काढतो. मित्राबरोबर जातो, तो गाडी चालवेल. रस्त्याची रुंदी मोजायची असेल तर तेही सांगा.

चौथा_गिअर

नव्या 'असेटो कोर्सा ईव्हो'बद्दल कुणीच बोललं नाही. घ्यावा का?

जुना_खेळाडू

१६ जानेवारी २०२५ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला. सुरुवातीला ५ ट्रॅक आणि २० गाड्या, ऑनलाइन रेस नाही, आणि कॉम्प्युटर दणकट लागतो. गाडीचं वागणं आवडलं, बाकी अर्धवट वाटलं, असं बऱ्याच लोकांचं मत पडलं. कॉम्पेतित्झिओने २०१९ मध्ये अनरियल या दुसऱ्यांच्या गेम इंजिनवर (खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) केला होता, ईव्होला त्यांनी पुन्हा स्वतःचं इंजिन घेतलं. तो पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवा, असं मी सांगेन.

तापीकाठ

सहमत. कॉम्पेतित्झिओनेचं मात्र एक म्हणायला हवं. पाऊस, रात्र, कॉम्प्युटरच्या गाड्या, ऑनलाइनची शिस्त, सगळं त्यात मूळ खेळापेक्षा सरस आहे. पण बाहेरच्या गाड्या-ट्रॅकांना दार बंद. कन्नड घाट त्यात कधीच येणार नाही.

ज्यांना जमेल त्यांनी रविवारी रात्री दहाला या. मूळ असेटो कोर्सा, इमोला, टाटुस एफए०१, मदत 'फॅक्टरी'वर. आधी वीस मिनिटं सराव, मग रेस. पहिल्या वळणात कुणी कुणाला ढकलायचं नाही.

टायरवाले_भुसावळ

मुलगा येतोय. त्याला हवा किती भरायची ते विचारतोय.

तापीकाठ

काका, सुरुवातीचा आकडा आहे तसाच ठेवून पाच फेऱ्या मारायला सांगा. मग थांबून टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान बघायचं. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे, एक पीएसआय कमी करायचा. कडा जास्त तापल्या असतील तर एक वाढवायचा. चारही चाकांचं वेगवेगळं बघायचं. इमोला घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे उजवीकडचे टायर आधी तापतील.